गाडीत बसून वाचता येईल एवढा कागद

आमच्या घरात माग बंद पडला की सगळ्यांच्या आधी धाकट्याला कळतं. बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खटखटाट असतो. पाहुणे आले तर पहिल्या रात्री त्यांना झोप लागत नाही. माझा भाऊ मात्र त्याच आवाजात वाढला आणि त्याच आवाजात शांत असतो. वीज गेली, माग थांबले, की तो उठून उभा राहतो, दोन्ही तळवे कानांवर दाबतो आणि दारापर्यंत येरझाऱ्या घालायला लागतो. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे. आता तो विशीत आहे. त्याचं नाव इथं लिहीत नाही, घरी आम्ही त्याला धाकटाच म्हणतो.

सप्टेंबर २०२२ मधल्या एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली आणि दोन तास आली नाही. बाबा सूत आणायला गेले होते, आई मागच्या खोलीत होती, मी सोसायटीतलं हिशेबाचं काम संपवून वाटेत होते. घरी आले तर दार सताड उघडं आणि आई गल्लीच्या तोंडाशी अनवाणी उभी.

आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधलं. काका मोटारसायकलवरून बसस्टँडला गेले, बाबा नातेवाइकांकडे, मी देवळात. शहाणा माणूस रुसून जाईल तिथं आम्ही त्याला शोधत होतो. स्वमग्न माणसं बहुतेक वेळा रुसून जात नाहीत. नको असलेल्या आवाजापासून तरी दूर जातात, नाहीतर हव्याशा वाटणाऱ्या गोष्टीकडे जातात, आणि ती गोष्ट पुष्कळदा पाणी असते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या स्वमग्न मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. अशा मुलांच्या मृत्यूंत बुडून मरण्याचं प्रमाण फार मोठं असतं. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी ठाऊक असतं तर आधी मागच्या शेतातली विहीर पाहिली असती आणि मग बळ्ळारी नाल्याकडे धावलो असतो.

तक्रार द्यायला गेलो तर उत्तर मिळालं, मोठा माणूस आहे, सकाळपर्यंत वाट बघा. कायद्यात २४ तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. बेपत्ता माणसाची नोंद त्याच क्षणी करता येते, आणि ज्याला बोलून मदत मागता येत नाही त्याच्या बाबतीत पहिला तासच महत्त्वाचा असतो. हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

रात्री साडेअकराला दुसऱ्याच एका ठाण्यातून फोन आला. कुठल्या ते सांगत नाही. रेल्वेच्या रुळाकडेला तो हात फडफडवत उभा होता. चार पोरांनी त्याला घेरलं. त्याच महिन्यात जत तालुक्यात मुलं पळवणारी टोळी समजून चार साधूंना मारहाण झाली होती आणि आमच्याकडेही मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरत होते. दाढी वाढलेला, अंगानं आडवा, विचारलं तर नजर न देणारा पोरगा. पोलिसांनी त्याला त्या पोरांच्या तावडीतून सोडवून आणलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ठाण्यात मात्र विचारपूस सुरू झाली. एकानं विचारलं, "हेसरेनो?" धाकटा म्हणाला, "हेसरेनो." दुसऱ्यानं मराठीत विचारलं, "नाव काय तुझं?" तो म्हणाला, "नाव काय तुझं." ऐकलेलं शेवटचं वाक्य तसंच परत म्हणणं ही त्याची बोलण्याची रीत आहे, त्यातून तो 'मी ऐकलं' एवढंच सांगत असतो. त्यांना वाटलं, टिंगल करतोय. कुणीतरी 'कुडदान' म्हणालं, म्हणजे पिऊन आलाय. एक थप्पड बसली.

आम्ही पोचलो तेव्हा तो कोपऱ्यात फरशीवर बसून पुढेमागे डोलत होता. त्याच्या डाव्या पायात काच घुसली होती आणि फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला होता. तो रडत नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाबांनी सगळ्यांना हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा मला आजही राग येतो, बाबांचा नव्हे, त्यांना तसे जोडावे लागले याचा.

खरं तर आम्हाला आधीच शिकायला हवं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी गल्लीत शिरलं आणि आमच्या जुन्या हातमागाच्या खड्ड्यात भरलं, तेव्हा धाकटा मागाखाली जाऊन बसला होता. कपाळावर दिवे लावलेली, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं त्याला बोलवत होती आणि तो आणखी आत सरकत होता. शेवटी त्यांनी दिवे विझवले, बाजूला झाले, आणि बाबा कमरेएवढ्या पाण्यात त्याच्याशेजारी जाऊन बसले. चार तास गेले. आम्ही त्याला नशीब म्हणालो आणि विसरलो.

२०२२ च्या त्या रात्रीनंतर मी ठरवलं की पुढच्या वेळी त्याला जो कोणी पहिल्यांदा भेटेल, त्याला काय करायचं ते आधीच माहीत असलं पाहिजे.

पहिली पायरी कागदपत्रांची. २०१६ च्या कायद्यानं जे २१ प्रकार दिव्यांगत्वात धरले त्यात स्वमग्नता आहे, पण त्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आम्ही कधी काढलंच नव्हतं. 'पोराला शिक्का कशाला' असं घरात म्हणायचे. तपासणीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. मानसतज्ज्ञ आईला विचारत आणि धाकट्याकडे बघत लिहीत होत्या. आई उत्तरं देताना मधेच थांबून म्हणाली, "हे सगळं मी बावीस वर्सं बघायलोय, कुणी असं विचारलंच नाही." १८ वर्षांनंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, तोही केला. आणि आपत्तीच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं असं त्याच २०१६ च्या कायद्याचं आठवं कलम मला तेव्हा सापडलं. जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ठेवायची आणि धोका असला की त्यांना कळवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. भावाचं नाव त्या नोंदीत घ्यावं असा अर्ज मी दिला आणि पोच घेतली. कर्नाटकात सरकारी कागदावर दिव्यांगांना 'विकलचेतन' असा शब्द असतो. मराठीतून अर्ज लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो लक्षात ठेवावा, खिडकीवर वेळ वाचतो.

मग मी ठाण्यात द्यायचा कागद तयार केला. चार पानं. जन्म, निदान, औषधं, शाळा, सवयी, डॉक्टरांची पत्रं. आमच्या भागातल्या ठाण्यात एक हेडकॉन्स्टेबल होते, पन्नाशीचे, मूळचे बैलहोंगलकडचे, मराठी छान बोलणारे. त्यांनी चारही पानं उलटून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "ताई, हे एवढं कोण वाचतंय ओ? रात्री दोनला गाडीत बसून, बॅटरीच्या उजेडात मला वाचता येईल एवढंच द्या. आणि कन्नडात द्या. माझ्यासंगं असतात ती पोरं गदगची, विजापूरची."

त्या एका वाक्यानं माझं काम बदललं. मी दोन आठवडे तो कागद कमी करत होते. काय काढायचं हे ठरवणं फार जड गेलं. त्याचं निदान कुठल्या साली झालं याचा रात्री दोनला काही उपयोग नाही. तो पाण्याकडे जातो याचा आहे. त्याला फिट येते आणि रात्री आठची गोळी चुकवून चालत नाही, याचा आहे. तो वेदना सांगत नाही, म्हणून सापडला की डोक्यापासून पायापर्यंत बघा, याचा आहे. शेवटी अर्धं पान उरलं. वर फोटो, एक समोरून आणि एक पाठमोरा, कारण लोक त्याला बहुधा पाठमोराच बघतात, चालत जाताना. खाली तीन फोन नंबर. आणि कुठं शोधायचं, ओळीनं: मागची विहीर, बळ्ळारी नाला, कपिलेश्वर तलाव, जिथं माग चालू आहे असं कुठलंही घर.

कन्नडात उतरवायला समोरच्या शाळेतल्या अक्का आल्या. पहिलाच प्रश्न, ऑटिझमला काय लिहायचं? कन्नडात 'स्वलीनते' म्हणतात, आपल्याकडे 'स्वमग्नता', आणि गल्लीत दोन्हीपैकी कुणालाच काही कळत नाही. गल्लीत दोनच शब्द चालतात, मराठीत खुळा आणि कन्नडात हुच्च. अक्कांनी पेन ठेवून थोडा विचार केला आणि लिहिलं त्याचा अर्थ असा: 'हा प्यालेला नाही, वेडा नाही, चोर नाही. याचं ऐकणं-बोलणं वेगळं आहे. थांबा, हळू बोला.' आजाराचं नाव त्यांनी त्याखाली बारीक अक्षरात घातलं.

पुढची युक्ती त्यांचीच. त्या म्हणाल्या, "पोलीस कन्नड वाचणार, पोरगा मराठी ऐकणार. मग मराठीच लिहूया की, कन्नड अक्षरांत." धाकट्याला ज्या पाच गोष्टी नक्की कळतात त्या त्यांनी कन्नड लिपीत जशाच्या तशा लिहिल्या. 'ये.' 'बस.' 'पाणी पी.' 'बाबा येतात.' आणि पाचवं, त्याला जागचं हलवणारं एकमेव वाक्य: 'चल, माग बघूया.' गदगचा पोरगा ते वाचून दाखवू शकतो, अर्थ कळला नाही तरी चालतं. सीमाभागात भाषेवरून आम्ही काय काय बघितलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या भावाच्या खिशात मात्र दोन्ही भाषा एकाच ओळीत बसल्या.

बाबांना हे पटत नव्हतं. "पोरगा काय गुन्हेगार हाय काय, ठाण्यात फोटो द्यायला?" असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची भीती खोटी नव्हती. असा कागद चुकीच्या हातात पडला तर घरात कोण असतं, कधी एकटा असतो, हेही कळतं. म्हणून घराचा पत्ता आणि वेळा काढल्या, आणि कागद गस्तीच्या वहीत राहील, भिंतीवर लागणार नाही, हे ठाण्याच्या साहेबांकडून कबूल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी माझ्यासमोर कापडाची एक पट्टी ठेवली. गळ्यातलं ओळखपत्र धाकटा ओढून काढतो, शर्टाला शिवलेलं कडक लेबल दातांनी कुरतडतो, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी हातमागावर मऊ सुताची दोन बोटं रुंद पट्टी विणली होती. आईनं तिच्यावर निळ्या दोऱ्यानं फोन नंबर भरला, आणि इंग्रजी आकड्यांतच भरला, कारण ते सगळ्यांना वाचता येतात. आता त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खालच्या कडेला आतून ती पट्टी असते. त्यानं अजून एकही फाडलेली नाही.

कागद दिला म्हणजे झालं असं मला वाटत होतं. हेडकॉन्स्टेबल म्हणाले, "आम्ही त्याला वळखतो आता, त्यानं आम्हाला वळखायला नको काय?" मग दर शनिवारी सकाळी अकराला आम्ही ठाण्याच्या आवारात जायला लागलो. पहिल्या शनिवारी तो फाटकाच्या आत आला नाही, थप्पड त्याच्या लक्षात होती. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या वेळी हेडकॉन्स्टेबल स्वतः बाहेर आले आणि काही न बोलता, त्याच्याकडे न बघता, त्याच्यापासून दोन हात दूर कट्ट्यावर बसले. दहा मिनिटं दोघं तसेच. पाचव्या शनिवारी धाकट्यानं जीपच्या बॉनेटला हात लावला. गाडीवरचा दिवा त्यांनी एकदा लावून, बंद करून दाखवला. "दिवा बंद," धाकटा म्हणाला. हे वाक्य त्यानं कुणाचंही ऐकून परत म्हटलेलं नव्हतं.

अग्निशमन दलाकडे एकदाच गेलो, पण तिथं जे घडलं ते प्रत्येक घरानं करून बघावं. धुरात शिरणारा जवान पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा लावून येतो. श्वासाचा घरघर आवाज, चेहरा दिसत नाही. स्वमग्न मूल आगीत बहुधा बाहेर पळत नाही, ओळखीच्या जागी लपतं, पलंगाखाली, कपाटात, आमचा मागाखाली. बाहेर काढलं तरी संधी मिळताच परत आत धावू शकतं, कारण घर म्हणजेच सुरक्षित जागा. आणि न्यायला येणारा असा दिसला तर ते त्याच्यापासूनच लपेल. तिथल्या एका तरुण जवानानं धाकट्यासमोर आधी उघडा चेहरा दाखवला, मग मुखवटा हातात दिला, मग स्वतः लावला, काढला, परत लावला, सात-आठ वेळा, न कंटाळता. शेवटी धाकट्यानं मुखवट्याच्या काचेवर बोटानं टकटक केलं.

जून २०२३ मध्ये साहेबांनी मला गस्तीच्या पोलिसांपुढे आणि गृहरक्षकांपुढे अर्धा तास बोलू दिलं. मी बोलणारी बाई नाही, हात थरथरत होते. सगळं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की सायरन आणि फिरता दिवा बंद करता येत असेल तर आधी तो बंद करा. समोरून या, पाठीमागून खांद्यावर हात ठेवू नका. एकच माणूस बोला, दोन-तीन शब्दांत, आणि मग मनातल्या मनात दहा मोजा, कारण उत्तर उशिरा येतं. तोवर तुम्ही तेच परत जोरात विचारलंत तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तो डोळ्यांत बघत नाही म्हणजे लपवतो आहे असं नाही. हात फडफडवतो, डोलतो, ते थांबवू नका, तेच त्याला सावरतं. त्याचा हात खिशाकडे गेला तर तिथं सुताची गुंडी असते, काढून घेऊ नका. आणि काहीही झालं तरी पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवू नका, श्वास कोंडून माणूस जातो. धरावंच लागलं तर कमीत कमी वेळ, आणि लगेच बसवा.

एका पोरानं विचारलं, "आणि तो मारायला आला तर?" प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणाले, तो मारायला येत नाही, पण घाबरला तर ढकलतो, आणि ढकलणं जोरात असतं. दोन पावलं मागं व्हा. त्याला जागा मिळाली की तो तिथंच बसतो. सभा संपल्यावर एक गृहरक्षक बाजूला येऊन म्हणाले, त्यांच्या आईला विसराळूपणाचा आजार आहे, त्या रात्री घरातून बाहेर पडतात, असाच कागद त्यांना करून द्याल काय. अक्कांनी आणि मी तो त्याच आठवड्यात केला. पुढे बहिऱ्या मुलाचा एक केला, फिट येणाऱ्या एका बाईंचा केला.

त्याच वर्षी गणेश विसर्जनाच्या रात्री ते सगळं कसाला लागलं. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि डॉल्बीचा दणका छातीत बसतो. आम्ही त्याला मागच्या खोलीत, कानांवर जाड हेडफोन घालून बसवलं होतं. एक फटाका अगदी खिडकीशी फुटला. बाबा दार लावायला उठले तेवढ्यात तो बाहेर. या वेळी आम्ही कुठंही भटकलो नाही. मी ११२ वर फोन केला. पलीकडच्या माणसाला आपली गल्ली ठाऊक नसते, म्हणून पाठ केलेलं तेच अर्धं पान मी म्हणून दाखवलं. काका विहिरीकडे, बाबा नाल्याकडे, मी कपिलेश्वराकडे.

तलावाशी गर्दीचा समुद्र होता. बाजूच्या एका पायरीजवळ, दोरखंडाच्या आत, तो पाण्याकडे तोंड करून बसला होता. त्याच्यापासून दोन हातांवर एक गृहरक्षक उकिडवा बसून मोबाइलवर कागदाचा फोटो धरून सावकाश वाचत होता, "चल... माग... बघूया." उच्चार अस्सल कन्नड. धाकटा उठत नव्हता, पण पाण्यातही उतरत नव्हता. वीस मिनिटं झाली होती म्हणे. त्याआधी कुण्या कार्यकर्त्यानं त्याला मनगट धरून खेचलं होतं, मनगट सुजलं होतं, तेवढं टळलं नाही. मंडळांपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. त्या गृहरक्षकानंच गर्दी मागं सारली होती, आणि जवळच्या पोलीस गाडीचा दिवा बंद होता. मी आले तसा तो तरुण म्हणाला, "ताई, अंजब्याड, चांगला हाय." अंजब्याड म्हणजे घाबरू नको. घरी येईपर्यंत रात्रीचे दोन वाजले. बाबांनी शेजाऱ्यांची परवानगी घेऊन एक माग चालू केला आणि धाकटा त्याच्याशेजारी झोपला.

पुढच्या वर्षी गणपतीआधी मी आमच्या भागातल्या मंडळांच्या बैठकीला गेले. कार्यकर्त्यांच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला चार ओळी छापायला तीन मंडळं तयार झाली.

मात्र हेडकॉन्स्टेबलांची बदली झाली, साहेबांचीही. वहीतला कागद आहे, पण त्याला ओळखणारी माणसं दुसरीकडे गेली. त्यामुळे शनिवार परत पहिल्यापासून सुरू करायचे आहेत. येत्या सोमवारी नवीन साहेबांना भेटायचंय. अक्कांनी कन्नड कागद परत सुवाच्य अक्षरात लिहून दिलाय. फोटो तेवढा नवा काढायचा राहिलाय, कारण परवाच आईनं त्याची दाढी काढली आणि तो आता ओळखूच येत नाही.